वाटलेले ज्ञान आणि काढून घेतलेले ज्ञान



विद्या ही अशी दौलत आहे की ती दिल्याने वाढते, चोराला ती नेता येत नाही आणि भावाभावांत तिची वाटणी होत नाही, हे आपण लहानपणापासून शाळेच्या भिंतींवर वाचीत आलो आहोत. वचन खरे आहे. परंतु शाळा सोडून माणूस कारखान्याच्या फाटकातून आत गेला, की त्याला दुसरेच काही ऐकू येऊ लागते. "तुला येते ते सगळे दाखवू नकोस, दाखवलेस की तुझी गरज संपली," असे जुना कामगार नव्याच्या कानात सांगतो. आता ह्या दोहोंपैकी खरे कोणते मानावयाचे? माझे आजचे म्हणणे असे आहे की दोन्ही खरी आहेत. कोणत्या वेळी कोणते खरे ठरेल हे मात्र ज्ञानाच्या स्वभावावर अवलंबून नसते. ज्या अटींवर ते दिलेघेतले जाते त्या अटींवर ते अवलंबून असते.

हा प्रश्न आजच काढण्याचे कारण उघड आहे. आपल्या गावातली कितीतरी मुले-मुली सकाळी डबा घेऊन कोठे जात नाहीत. घरातल्याच टेबलाशी बसून ती ज्या माणसांबरोबर काम करतात, त्यांतला एक म्युनिकला असतो, दुसरा टोरांटोला आणि तिसरा मनिलाला. २०२० सालच्या साथीनंतर ही पद्धत मध्यम वर्गाच्या घराघरांत शिरली. एका खात्यात उभे राहून काम करणारा माणूस शेजारच्याचे हात पाहून शिकतो. येथे हात दिसत नाहीत, कित्येकदा तोंडही दिसत नाही. एकाची सकाळ ती दुसऱ्याची मध्यरात्र. अशा मंडळींनी आपल्याजवळची माहिती एकमेकांस द्यावी, ह्यासाठी कंपन्या मोठा उपदेश करतात. त्याला 'नॉलेज शेअरिंग' असे भारदस्त नाव आहे. नाव नवे असले तरी प्रश्न जुना आहे. दूरदूर बसलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी आपली विद्या एकत्र का करावी, आणि केली तर तिचा धनी कोण? इतिहासाने ह्या प्रश्नाची उत्तरे एकदा नव्हे, अनेकदा दिली आहेत. त्यांतली काही आपण पाहू.

प्रथम विद्या लपवून ठेवण्याचे उदाहरण घेऊ. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ साली आपल्या काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानो बेटावर नेल्या. आगीचे भय हे एक कारण होतेच. परंतु सगळे कारागीर एका बेटावर आले म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवणेही सोपे जाते. काच करणाऱ्याला तेथे मान होता, पैसा होता. नव्हती ती फक्त आपली विद्या घेऊन दुसऱ्या देशी जाण्याची मुभा. एवढा बंदोबस्त करूनही काय झाले? चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेअर ह्याने १६६० नंतरच्या दशकात मुरानोचे कारागीर फोडून फ्रान्समध्ये नेले आणि आरशांचा सरकारी कारखाना उभा केला. विद्या माणसाच्या हातात आणि डोक्यात राहते. तिला कुलूप घालावयाचे तर माणसालाच कुलूप घालावे लागते, आणि ते फार दिवस टिकत नाही.

आता उलट उदाहरण पाहा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथे तांब्याच्या आणि कथलाच्या खोल खाणी होत्या आणि त्यांत पाणी भरे. ते उपसावयास वाफेचे इंजिन लागे. आणि कॉर्नवॉलमध्ये कोळसा मुळीच नाही! तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे. म्हणून कोळशाची बचत हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता. जेम्स वॉटने चांगले इंजिन काढले होते. परंतु त्याचे पेटंट १७६९ चे, आणि १७७५ साली पार्लमेंटने त्याची मुदत थेट १८०० पर्यंत वाढवून दिलेली. बोल्टन आणि वॉट ह्यांची कंपनी जुन्या इंजिनाच्या तुलनेने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा मागून घेई. दुसऱ्या कोणी सुधारणा केली की त्याच्यावर फिर्याद होई. ही मुदत संपली तेव्हा खाणवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु कंपनीची माणसे निघून गेल्यावर इंजिनांची देखभाल ढासळली. कोणत्या खाणीत काय चालले आहे हे कोणालाच कळेनासे झाले.

१८११ साली ह्यावर एक साधा उपाय निघाला. जोएल लीन नावाच्या अनुभवी खाण-कप्तानाने महिन्यातून एकदा निरनिराळ्या खाणींतली इंजिने तपासावीत आणि त्यांचे काम छापून प्रसिद्ध करावे, असे ठरले. एक बुशेल, म्हणजे सुमारे ९४ पौंड, कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट वर चढले, हे माप. त्या पत्रकात खाणीचे नाव, इंजिनाचा आकार, त्याच्यावरील भार, कोळशाचा खर्च आणि इंजिनाचा कर्ता जो इंजिनिअर त्याचे नाव, एवढे सगळे असे. जोएल लीन १८१२ साली वारला. त्याच्या मुलांनी काम पुढे चालविले, आणि ते पत्रक १९०४ सालापर्यंत निघत राहिले. एकाने बाष्पकाला ऊबदार आवरण घातले की पुढच्या महिन्यात दहाजण तसे आवरण घालीत. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८१२ साली व्हील प्रॉस्पर ह्या खाणीत नव्या धर्तीचे इंजिन बसविले आणि त्याचे पेटंट घेतले नाही. प्रारंभी इंजिनांचे सरासरी काम दोन कोटी पौंडांच्या आसपास होते. १८४० नंतर ते सहा कोटींच्या वर गेले. एवढी मजल कोण्या एका बुद्धिमानाने मारलेली नाही. ती शेकडो हातांनी मारली.

आता कॉर्नवॉलची माणसे व्हेनिसच्या माणसांपेक्षा उदार होती काय? मुळीच नाही. तेथील भांडवलदारांचे भाग एकाच खाणीत नसून अनेक खाणींत विखुरलेले असत. शेजारच्या खाणीचे इंजिन सुधारले तर त्यांचाही फायदाच होई. आणि इंजिनिअरचे म्हणाल, तर पत्रकात त्याचे नाव चांगल्या आकड्यासमोर छापून आले की दुसरी खाण त्याला बोलावी. विद्या उघडी करण्यात त्याची भाकर बुडत नव्हती, उलट मोठी होत होती. भट्टीत फावड्याने कोळसा टाकणाऱ्यासाठी मात्र त्या पत्रकात रकाना नव्हता. कोळसा कसा पसरावा, आच कशी राखावी ह्यावर अर्धी बचत अवलंबून असली तरी ज्याचे नाव छापले जात नाही त्याचा हिस्सा कोणी विचारीत नाही. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवू; तो पुढे लागणार आहे.

कॉर्नवॉलच्या खाणी निदान एका प्रांतात होत्या. खरोखर जगभर पांगलेल्या, वर्षानुवर्षे एकमेकांना न भेटणाऱ्या माणसांनी एकत्र ज्ञान जमविले, असे जुन्या काळचे उत्तम उदाहरण समुद्रावर सापडते. मॅथ्यू फाँटेन मोरी हा अमेरिकन आरमारातला अधिकारी १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात पायाने अधू झाला, आणि १८४२ साली त्याला वॉशिंग्टनच्या नकाशांच्या कोठारावर नेमण्यात आले. तेथे जुन्या जहाजांच्या रोजनिशांचे ढीग धूळ खात पडले होते. कोणत्या दिवशी कोठे होतो, वारा कोणत्या दिशेचा, प्रवाह किती, ह्या नोंदी प्रत्येक कप्तान करी. सफर संपली की वही कोठारात जाई आणि तिच्याबरोबर ते ज्ञानही पुरले जाई. मोरीने त्या वह्या उलगडल्या, नोंदी जागेनुसार आणि महिन्यानुसार मांडल्या, आणि १८४७ पासून वाऱ्यांचे व प्रवाहांचे नकाशे छापावयास आरंभ केला.

परंतु त्याची खरी करामत नकाशात नव्हती, सौद्यात होती. त्याने कप्तानांना कोरे तक्ते दिले आणि सांगितले की हे भरून पाठवा, त्याच्या बदल्यात नकाशे फुकट घ्या. वही देणारा नकाशा घेणारा झाला. आपण टिपलेला वारा दुसऱ्याच्या शिडात भरतो आणि दुसऱ्याने टिपलेला आपल्या, हे कप्तानांना डोळ्यांनी दिसले. न्यूयॉर्कहून केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला जाण्यास सुमारे सहा महिने लागत, ते साडेचारांवर आले. 'फ्लाइंग क्लाउड' नावाचे गलबत १८५१ साली हाच प्रवास ८९ दिवस आणि २१ तासांत करून पोहोचले. माझ्या भगिनींना ऐकून संतोष होईल की त्या गलबताचा मार्ग आखणारी व्यक्ती कप्तानाची पत्नी एलेनॉर क्रीझी ही होती. मोरीचे नकाशे तिने बारकाईने अभ्यासिले होते.

पुढे १८५३ साली ब्रुसेल्स येथे दहा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, हॉलंड, बेल्जम, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि पोर्तुगाल. सर्वांच्या जहाजांनी एकाच नमुन्याच्या तक्त्यात नोंदी कराव्या, असे त्यांनी ठरविले. व्यापारात आणि लढाईत जे एकमेकांचे गळे धरीत होते ते वाऱ्याच्या बाबतीत एक झाले. ह्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दूरच्या माणसांचे ज्ञान जुळवावयाचे तर नोंदीचा नमुना एक हवा, कारण समोर बसून खुलासा विचारण्याची सोय नसते. आणि दुसरे, जो देतो त्याच्या हातात परत काही पडले पाहिजे. तेही लवकर आणि सर्वांना सारखे.

येथवर वाटणीची गोष्ट झाली. आता काढून घेण्याची. १९११ साली फ्रेडरिक विन्स्लो टेलर ह्या अमेरिकन इंजिनिअरने शास्त्रीय व्यवस्थापनावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे मर्म थोडक्यात असे: कामाची जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या कामगारांच्या हातात साठून राहिलेली आहे, ती सगळी व्यवस्थापनाने गोळा करावी, तिचे नियम आणि कोष्टके बनवावीत, आणि मग काम कसे करावयाचे ते कामगाराला वरून सांगावे. टेलरने एक गोष्ट बरोबर ओळखली होती, आणि ती पुष्कळ पढीक लोक ओळखीत नाहीत: कामगाराजवळ विद्या असते. परंतु तिचे त्याने जे करावयाचे ठरविले, ते पाहा. विद्या कामगाराची, कोष्टक कचेरीचे, आणि कोष्टक झाल्यावर कामगार कोणीही चालेल! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉटरटाउन येथल्या सरकारी शस्त्रागारात एका साचेकाराच्या कामावर घड्याळ लावण्यात आले, आणि तेथले साचेकार काम टाकून बाहेर पडले. अमेरिकन प्रतिनिधिगृहाने ह्या पद्धतीची चौकशी केली. पुढे काही वर्षांतच सरकारी शस्त्रागारांच्या खर्चाला मंजुरी देताना, ह्या घड्याळी मोजणीवर पैसा खर्च करू नये, अशी अट घालण्यात आली. साचेकारांचे भांडण घड्याळाशी नव्हते. आपली विद्या आपल्याच विरुद्ध वापरली जाते, हे त्यांना कळले होते.

कामगारांच्या संघटनेत काम करताना मी अनेक खाती पाहिली आहेत, आणि प्रत्येक खात्यात एक तरी असा वृद्ध मिस्त्री भेटतो की जो बेअरिंगचा नुसता आवाज ऐकून रोग सांगतो, पण कसा ओळखला ते सांगत नाही. नव्या पोराने विचारले तर "अनुभवाने येते" म्हणून वाटेला लावतो. आपल्या भाषेत ह्याला गुरुकिल्ली राखून ठेवणे म्हणतात. साहेबलोक ह्याला स्वार्थ म्हणतात. मी म्हणत नाही. टेलरच्या घड्याळाला त्याने शोधलेले ते उत्तर आहे. परंतु ते उत्तर अपुरे आहे, हेही मी त्याच्या तोंडावर सांगत आलो आहे. कारण ज्याच्या एकट्याच्या हाती किल्ली, त्याला सुटी नाही. त्याच्या घरी लग्न असो की आजारपण, यंत्र बंद पडले की रात्री दोन वाजता त्यालाच बोलावणे येते. शिवाय विद्या राखून ठेवणारा हळूहळू लहानसा राजा होतो. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांची भरती जॉबरच्या हाती असे. त्याने नव्या माणसाकडून दस्तुरी घ्यावी आणि वशिल्याने साचे द्यावेत, हे सर्वांना ठाऊक आहे. विद्येचा जॉबरही असाच असतो. त्याच्यापुढे मालक नमत नाही; नमतो तो नवा कामगार.

मग विद्या न लपविता, आणि ती काढून घेऊ न देता, वाटता येते काय? दूरवरच्या माणसांनी ती कशी वाटली, ह्याचे आपल्या काळाला अगदी जवळचे उदाहरण घेऊ. १९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने चार ठिकाणचे संगणक एकमेकांस जोडण्याचे काम निघाले. लॉस एंजेलिस आणि सांता बार्बारा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठे, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि युटा विद्यापीठ ही ती चार ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी संगणक निराळ्या जातीचा आणि माणसे निराळी. ह्यांनी आपसात कोणत्या भाषेत बोलावे हे ठरविण्याचे काम बरेचसे विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडले. त्यांच्यातल्या स्टीव्ह क्रॉकर ह्या तरुणाने ७ एप्रिल १९६९ रोजी पहिले टिपण काढले. त्याला नाव दिले 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे 'अभिप्राय कळविण्याची विनंती'. हे नाव मुद्दाम नम्र ठेवले होते. आपण नियम ठरवीत आहोत असा कोणाचा समज होऊन तो दुखावला जाऊ नये, ही त्या पोरांना धास्ती होती.

त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात ही टिपणे कशी लिहावीत हे सांगितले आहे, आणि तो मजकूर प्रत्येक कचेरीत टांगून ठेवण्यासारखा आहे. टिपण कोणीही लिहावे. ते घासूनपुसून चकचकीत करण्याची वाट पाहू नये, विचार वेळेवर पोहोचावा. उदाहरणावाचून मत, उत्तरावाचून प्रश्न, सर्व चालेल. आणि टिपणाची कमीत कमी लांबी एक वाक्य! गृहस्थहो, ह्या एका वाक्याच्या सवलतीत मोठे शहाणपण आहे. लिहिलेला शब्द अधिकारवाणीचा वाटतो, म्हणून लहान माणूस लिहावयास भितो. 'एक वाक्य लिही, चुकले तरी चालेल,' असे म्हटले की त्याचे भय जाते. आरंभी ही टिपणे साध्या टपालाने जात. १९७३ साली नॉर्वे आणि लंडन ह्या जाळ्यास जोडले गेले. जॉन पॉस्टेल नावाच्या गृहस्थाने १९९८ साली मरण येईपर्यंत जवळजवळ तीस वर्षे ह्या टिपणांचे संपादन केले. आज त्यांची संख्या नऊ हजारांच्या वर गेली आहे, कोणालाही ती फुकट वाचता येतात, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर लिहिणाराचे नाव असते. आपण ज्याला इंटरनेट म्हणतो ते ह्या टिपणांवर उभे आहे.

दुसरे उदाहरण युरोपातले. जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, १९५४ साली स्थापन झालेली 'सर्न' ही अणुगर्भाच्या संशोधनाची संस्था आहे. तेथले प्रयोग हजारो माणसे करतात. त्यांतली बरीचशी आपापल्या देशांतल्या विद्यापीठांत बसूनच काम करीत असतात. टिम बर्नर्स-ली हा तेथला एक इंजिनिअर. त्याने १९८९ च्या मार्च महिन्यात वरिष्ठांना एक प्रस्ताव दिला. त्यातले दुखणे आपल्याला ओळखीचे वाटेल. माणसे सामान्यतः दोन वर्षे राहतात आणि जातात. जाताना त्यांची माहितीही जाते. कोठे काय लिहून ठेवले आहे ते नव्याला कळत नाही. आणि एकदा सुटलेले कोडे पुन्हा सोडवावे लागते. त्यावर त्याने सुचविले की एका कागदाने दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवावे, आणि कोणालाही नवा कागद जोडता यावा. त्याचा वरिष्ठ माइक सेंडॉल ह्याने त्या प्रस्तावावर, कल्पना धूसर आहे पण उत्साह वाटावा अशी आहे, असा शेरा मारला. ह्या कल्पनेतूनच 'वर्ल्ड वाइड वेब' जन्मास आले; आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्यावरचा आपला मालकी हक्क सोडून ते जगाला मोकळे केले. एका कारखान्यातली हरवणारी माहिती शोधण्यासाठी केलेली सोय साऱ्या जगाची सोय झाली, ती ह्या एका सहीमुळे.

सर्नमधल्या प्रयोगांची आणखी एक रीत सांगण्याजोगी आहे. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर दोन प्रयोगांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे लेखक ५,१५४! तेहेतीस पानांपैकी चोवीस पाने नुसत्या नावांची आणि त्यांच्या संस्थांची. ह्या दोन प्रयोगांपैकी एकात आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी आहेत. काही विद्वानांना ही नावांची जत्रा हास्यास्पद वाटली. मला ती वाटत नाही. कॉर्नवॉलच्या पत्रकात भट्टीवाल्याला रकाना नव्हता, हे आपण पाहिले. येथे कोणी यंत्राची एक तार सांभाळली असेल, कोणी आकडे चाळले असतील. त्यालाही रकाना आहे. ज्याचे नाव राहणार हे ठाऊक आहे, तो हात आखडता घेत नाही.

आता कोणी म्हणेल की हे शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी. त्यांना वाटणे परवडते. अगदी खरे! माझा मुद्दा तोच आहे. क्रॉकर आणि त्याचे सोबती टिपण लिहिताना उद्या आपल्याला काढून टाकतील, ह्या भयात नव्हते. सरकारी पैशाने त्यांचे काम चालले होते, आणि चांगल्या टिपणाने त्यांचे नाव वाढत होते. उदारपणाचा उगम रिकाम्या पोटातून होत नाही. ज्ञान वाटण्याचे जेवढे यशस्वी प्रयोग इतिहासात दिसतात, त्या सर्वांच्या बुडाशी ही एक गोष्ट सापडते की देणाऱ्याची भाकर शाबूत होती.

ह्या कसोटीवर आजचे दूरदेशी काम लावून पाहा. आमच्या तरुणांच्या तोंडी 'केटी' हा शब्द आहे. एकाचे काम दुसऱ्याला समजावून देणे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ही 'केटी' बहुधा केव्हा मागितली जाते? काम एका देशातून दुसऱ्या देशात न्यावयाचे ठरले म्हणजे, किंवा माणसाला निरोप द्यावयाचा ठरला म्हणजे. अमेरिकेत २०१५ साली अशा प्रकरणांचा वृत्तपत्रांत मोठा गवगवा झाला. आपल्या जागी येणाऱ्या माणसाला शिकवून तयार करा, तरच निरोपाची रक्कम मिळेल, अशी अट जुन्या माणसांना घालण्यात आली होती. आणि शिकावयास समोर बसले होते ते बहुतेक आपल्याच देशातले तरुण. त्यांचा दोष नव्हता. त्यांनाही घर चालवावयाचे होते. परंतु त्या खोलीतल्या दोघांनाही कळत होते की ही वाटणी नव्हे, ही काढणी आहे. आणि ज्या वाटेने ते काम येथे आले, त्याच वाटेने ते उद्या येथून मनिलाला किंवा आणखी स्वस्त ठिकाणी जाईल. आज तर असेही आहे की लिहून ठेवलेल्या टिपणांवर यंत्राला शिकवून तयार करता येते. म्हणजे शिकावयास समोर माणूसही लागत नाही. ज्याला ही धास्ती आहे तो लिहितो, पण फोलपट लिहितो. दाणा खिशात ठेवतो. कंपनीच्या दप्तरात हजारो पाने साठतात, आणि वेळेला एकही उपयोगी पडत नाही.

मालक म्हणतील, आम्ही पगार देतो, तेव्हा कामावर मिळालेले ज्ञान आमचेच. हे म्हणणे मी उडवून लावीत नाही. नकाशा, आराखडा, लिहिलेली आज्ञावली ह्यांवर त्यांचा हक्क कायद्याने आहे. परंतु आराखडा कोठे फसतो, ग्राहक काय म्हणतो आणि त्याच्या मनात काय असते, यंत्र बिघडण्याच्या आदल्या दिवशी कसे वागते, ही जी विद्या माणसाजवळ असते ती हुकमाने मिळत नाही. ती विश्वासाने मिळते. टेलरचे घड्याळ तिच्यापर्यंत पोहोचले नाही. आजच्या कंपनीचा हुकूमही पोहोचणार नाही.

म्हणून ह्या दूरस्थ कामगारांनी काय मागावे? होय, मी त्यांना कामगारच म्हणतो. खुर्ची गुबगुबीत असल्याने माणसाचा वर्ग बदलत नाही. इतिहासातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत. टिपण लिहिणे हे काम समजावे आणि ते कामाच्या वेळात करू द्यावे. रात्री जेवण झाल्यावर नव्हे. लिहिणाराचे नाव टिपणावर राहावे आणि बढतीच्या वेळी ते मोजले जावे. जो नोंद देतो त्याला सर्वांच्या नोंदी खुल्या असाव्यात. मोरीच्या कप्तानांना जे मिळाले ते पुण्याच्या मुलीला मिळू नये काय? कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. ही जागरणे नेहमी एकाच बाजूने करावीत असे कोठे लिहिले आहे? पाळी लावावी. बोलण्यापेक्षा लिहिण्यावर भर द्यावा. फाडफाड इंग्रजी बोलणारा बैठक जिंकतो, परंतु लिहावयास वेळ मिळाला तर आमचा अबोल मुलगाही आपली गोष्ट नीट मांडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याने आपली विद्या लिहून दिली त्याला त्या कारणाने घरी पाठविता येणार नाही, असे करारात लिहून घ्यावे.

ही शेवटची मागणी कोणी एकट्याने केली तर लोक हसतील. म्यूनिकच्या, टोरांटोच्या आणि पुण्याच्या माणसांनी एकत्र येऊन केली, तर हसणार नाहीत. आणि ही माणसे रोज एकमेकांशी बोलतातच! एकमेकांना कामाची माहिती देण्यासाठी जी तार त्यांच्यात जोडली गेली आहे, तीच तार आपला पगार, कामाचे तास आणि करारातली कलमे एकमेकांना कळविण्यास पुरेशी आहे. ज्ञान वाटावयाचे असेल तर ह्या ज्ञानापासूनही आरंभ करण्यास हरकत नसावी.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने एकत्र बसावे आणि ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने सर्वांसमोर मांडावे, ही प्रथा न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात घातली. ती दीडशे वर्षे टिकली, ह्याचे कारण येथे सांगणाऱ्याचे काही कमी होत नाही आणि ऐकणाऱ्याला फाटकावर कोणी अडवीत नाही. कामाच्या जागीही हीच रीत आली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.